पंचांचे अडकलेले मानधन: मैदानापासून न्यायालयापर्यंतची वाट

स्पर्धा संपली की मैदानावर एक कागद फिरतो. बक्षीस वितरण उरकलेले असते, मुले बसकडे पळत असतात, मंडपवाला खुर्च्या गोळा करत असतो आणि कुणीतरी टेबलावर कागद ठेवून म्हणते, "सर, इथे सही करा, रक्कम आम्ही नंतर भरतो." दिवसभर उन्हात उभे राहून आपण दमलेले असतो. सही करतो आणि गाडीला किक मारतो. हातात एक रुपयाही आलेला नसताना पूर्ण मानधन मिळाल्याची पावती त्या सहीने तयार होते.

नाशिकमध्ये शालेय कबड्डीचा पंच म्हणून मी बरीच वर्षे उभा राहतो आहे, आणि अशी सही मीही केली आहे. एका वर्षी चार दिवसांच्या स्पर्धेचे मानधन आम्हा सहा जणांना मिळाले नाही. सात-आठ महिन्यांनी विचारायला गेलो तेव्हा फाइलमध्ये आमच्याच सह्यांचे कागद निघाले. समोरचा माणूस खोटे बोलतोय असे म्हणायची सोयही आम्ही स्वतःसाठी ठेवली नव्हती. त्या पैशांवर पाणी सोडावे लागले. आमच्यातले दोघे कॉलेजात शिकणारे होते, गावाकडून येऊन खोली करून राहणारे. त्यांच्यासाठी ती रक्कम म्हणजे महिन्याची मेस होती.

म्हणून हा लेख. मानधन अडकले तर काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि मुळात ते अडकू नये म्हणून मैदानावर उतरण्याआधी काय हातात असावे, हे सगळे सांगतो. मानधन हे देणे आहे, मेहेरबानी नाही, हे मनाशी पक्के धरूनच पुढे वाचा.

पैसे नक्की कोणी द्यायचे आहेत?

बहुतेक पंच इथेच चुकतात. "क्रीडा कार्यालयाने पैसे बुडवले" असे आपण सरसकट बोलतो, पण पैशांची वाट दरवेळी तीच नसते.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. राज्यात हा कारभार क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आहे. जिल्ह्यात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि जिल्हा क्रीडा परिषद ही कामे पाहतात. परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी सदस्य सचिव. आपल्याकडे त्यात आणखी एक फाटा आहे: नाशिक आणि मालेगाव या दोन्ही महापालिका हद्दींच्या स्पर्धा वेगळ्या आणि उरलेल्या ग्रामीण जिल्ह्याच्या वेगळ्या. सिन्नर किंवा निफाडच्या तालुका स्पर्धेत काम केलेल्या पंचाने महापालिकेत अर्ज देऊन उपयोग नाही.

प्रत्यक्षात तुमचे पैसे चारपैकी एका हातातून येतात. कधी क्रीडा कार्यालय थेट तुमच्या खात्यात जमा करते. कधी ज्या शाळेच्या मैदानावर स्पर्धा झाली त्या यजमान शाळेला एकत्रित रक्कम मिळते आणि वाटप शाळा करते. कधी खेळाच्या जिल्हा संघटनेने पंच पुरवलेले असतात, मग रक्कम संघटनेच्या नावे निघते. चौथा हात महापालिकेचा. तक्रार लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारा: मला बोलावले कोणी, आणि मागच्या वर्षी माझ्या खात्यात पैसे कोणाच्या नावाने आले होते? पासबुकाची जुनी नोंद पाहिली तर अर्धे कोडे तिथेच सुटते.

रक्कम संघटनेमार्फत येत असेल तर सांभाळून चला. कार्यालय म्हणते, आम्ही संघटनेला दिले. संघटना म्हणते, आमच्याकडे आलेच नाहीत. या टोलवाटोलवीत हंगाम निघून जातो. अशा वेळी दोघांनाही एकाच दिवशी, एकाच मजकुराचे पत्र द्या, आणि प्रत्येक पत्राखाली दुसऱ्याला प्रत दिल्याचे लिहा.

काम केल्याचा पुरावा

नियुक्तिपत्र असेल तर उत्तम. त्यात स्पर्धेचे नाव, तारखा, ठिकाण आणि दर हवा. पण खरे सांगायचे तर तालुका पातळीवर नियुक्तिपत्र क्वचितच मिळते. आदल्या रात्री व्हॉट्सअॅप गटावर निरोप येतो: "उद्या सकाळी ८ ला हजर, कबड्डी मुली १७." तोच तुमचा करार असतो. भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी कराराला नाकारत नाही. शिवाय त्याच्या कलम ७० मध्ये स्पष्ट आहे की कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्या कामाचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. सरकारी कार्यालयाशी लेखी करार झालेला नसला तरी हे कलम लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या प्रकरणात सांगितले. "लेखी आदेशच नाही, मग पैसे कसले?" या प्रश्नाला हे उत्तर आहे.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. एखाद्या फॉर्मवर किंवा पत्रात तुमच्या कामाला "मानसेवी" म्हटले असेल तर सही करण्याआधी थांबा. मानसेवी म्हणजे विनामोबदला. मानधन वेगळे. कलम ७० चा सगळा भार "फुकट करण्याचा हेतू नव्हता" यावर आहे. तो आपल्याच सहीने घालवू नका.

आता सगळ्यात भक्कम पुरावा, ज्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही: गुणपत्रिका. कबड्डीच्या सामन्याला सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन पंच, गुणलेखक आणि रेषेवरचे साहाय्यक असतात. खो-खोत दोन पंच, सरपंच, वेळाधिकारी, गुणलेखक. सामना संपल्यावर गुणपत्रिकेवर त्यांच्या सह्या होतात. ती गुणपत्रिका निकालाचा अधिकृत कागद आहे. तिच्यावरच विजयी संघ पुढच्या फेरीत जातो, मुलांची प्रमाणपत्रे तयार होतात आणि दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचे प्रस्तावही शेवटी त्याच निकालावर उभे असतात. तुमची सही असलेल्या गुणपत्रिकेवरचा निकाल कार्यालयाने मान्य केला, तर तुम्ही काम केलेच नाही असे त्याला म्हणता येत नाही. दिवसाच्या शेवटी तुमच्या प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रिकेचा मोबाइलवर फोटो घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.

अॅथलेटिक्सच्या पंचांनी निकालपत्रकाचा फोटो घ्यावा. सुरगाणा, पेठ, हरसूलच्या वाड्यावस्त्यांवरून पोरे अनवाणी पळायला येतात. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणले तेव्हा आपण सगळे नाचलो होतो. अशा पोरांची पहिली अधिकृत वेळ जो माणूस स्टॉपवॉच धरून लिहितो, त्याच्या कामाची नोंद कागदावर राहू नये, हे मला पटत नाही.

व्हॉट्सअॅपचे संदेश खोडू नका. स्क्रीनशॉट पुरेसा नाही. मूळ संदेश फोनमध्ये हवा आणि गट सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि ते देताना मूळ उपकरणाचा तपशील लागतो. फोन बदलला, चॅट गेले, की पुरावा लंगडा होतो.

याच्या जोडीला एक साधी वही ठेवा: तारीख, ठिकाण, खेळ, वयोगट, किती सामने, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सोबतचे पंच कोण, येण्याजाण्याचा खर्च. शेवटचा रकाना महत्त्वाचा: कुठे सही केली आणि ती कशाची होती.

कोऱ्या कागदाचे काय करायचे

कोरी पावती पुढे आली तर भांडू नका. टेबलावर बसलेला शिपाई किंवा शिक्षक बहुतेक वेळा वरून सांगितलेलेच करत असतो. शांतपणे सहीच्या वर लिहा: "केवळ उपस्थितीसाठी सही. रक्कम मिळालेली नाही." तारीख घाला, वेळ घाला. कुणी हरकत घेतलीच तर म्हणा, "सर, रक्कम भरा, मी आत्ता पूर्ण पावती देतो." लगेच त्या कागदाचा फोटो.

५,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेच्या पावतीला एक रुपयाचे महसुली तिकीट लागते. कोऱ्या कागदावर तिकीट चिकटवून त्यावर सही मागितली जात असेल तर तिथे कोणती रक्कम लिहिली जाणार, याचा विचार करून मगच पेन उघडा.

पहिला महिना: आधी चौकशी

स्पर्धा संपून महिनाभर पैसे आले नाहीत म्हणून लगेच कायद्याची भाषा काढू नका. सरकारी पैशाची चाल संथ असते. यजमान शाळेने खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) द्यायची, लेखा शाखेने देयक तयार करायचे, ते कोषागारात जायचे, त्यावर आक्षेप लागला तर परत यायचे. अनुदान उशिरा आले तर ही सगळी साखळी उशिरा हलते. आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. तोवर न काढलेली रक्कम परत जाते, मग पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून जुने देणे भागवण्यासाठी वेगळी मंजुरी लागते. म्हणूनच ऑगस्ट ते डिसेंबर या हंगामातल्या थकबाकीचा पहिला लेखी अर्ज उशिरात उशिरा जानेवारीत गेला पाहिजे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लेखा शाखेत कुणाला मान वर करायला फुरसत नसते.

आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात स्वतः जा. साहेबांकडे जाण्याआधी लेखा शाखेत जा. तीन गोष्टी विचारा: देयक तयार झाले का, माझे नाव यादीत आहे का, माझा खाते क्रमांक कोणता लिहिला आहे? खूपदा घोळ तिसऱ्यात निघतो. बँकांचे विलीनीकरण झाले, आयएफएस कोड बदलले, आपण मात्र जुन्याच चेकबुकाची झेरॉक्स देत राहिलो. पैसे गेले आणि परत आले, आणि कुणी कळवले नाही. रद्द केलेला नवीन चेक आणि पॅनची प्रत सोबतच घेऊन जा. निम्मी प्रकरणे इथेच मिटतात, आणि मिटावीत. त्या खुर्चीतल्या माणसाकडे पुढच्या वर्षीही आपल्याला जायचे आहे.

दुसरा महिना: लेखी अर्ज

तोंडी विचारणा कितीही वेळा केली तरी कागदावर शून्य. म्हणून आता अर्ज. दोन प्रती करा, आवक-जावक टेबलावर द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "साहेब आले की देतो" असे उत्तर मिळाले तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. अर्जाचा मजकूर साधारण असा असावा:

*प्रति, मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, नाशिक.*
*विषय: शालेय कबड्डी स्पर्धेतील पंच मानधन व प्रवास खर्च मिळणेबाबत.*
*महोदय, दि. ___ ते ___ या कालावधीत ___ येथे झालेल्या ___ स्पर्धेत मी पंच म्हणून ___ दिवस काम केले. नियुक्तीचा संदेश, सामन्यांच्या गुणपत्रिकांची यादी व बँक तपशील सोबत जोडला आहे. ठरलेल्या दराने मानधन रु. ___ व प्रवास खर्च रु. ___ असे एकूण रु. ___ मला अद्याप मिळालेले नाहीत. या रकमेबाबत मी कोणतीही पोचपावती दिलेली नाही. रक्कम १५ दिवसांत खात्यात जमा करावी. काही कारणाने देय नसल्यास तसे कारणासह लेखी कळवावे. या १५ दिवसांच्या मुदतीनंतर थकीत रकमेवर व्याजाची मागणी करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.*

शेवटचे वाक्य भीती घालायला लिहिलेले नाही. व्याज अधिनियम, १९७८ च्या कलम ३ नुसार, लेखी मागणीत व्याज मागणार असल्याची सूचना दिली असेल तर न्यायालय त्या सूचनेत नमूद केलेल्या तारखेपासून व्याज देऊ शकते. सूचना नसेल तर तो काळ गेला. "देय नसल्यास लेखी कळवावे" हेही मुद्दाम घातले आहे. कार्यालयाने "अनुदान आले की देऊ" असे सहीनिशी उत्तर दिले, तर ती देण्याची लेखी कबुली झाली. त्याचा फायदा पुढे मुदतीच्या मुद्द्यात सांगतो.

"पोचपावती दिलेली नाही" हे वाक्य फक्त खरे असेल तरच लिहा. कोरी सही झाली असेल तर तेच लिहा: अमुक तारखेला रक्कम न भरलेल्या कागदावर सही घेतली गेली, प्रत्यक्ष रक्कम मिळालेली नाही. आमचे मानधन बुडाले त्या वर्षी आम्ही हे वेळीच लिहून दिले असते तर गोष्ट वेगळी असती.

वाद रकमेचाच असेल, म्हणजे पैसे आले पण कमी आले, तर हिशेब उलगडून मांडा. समजा दर दिवसाला ४०० रुपये ठरला होता, पाच दिवस काम झाले आणि १,२०० आले. तर नुसते "८०० कमी" लिहू नका. कोणते दोन दिवस धरले नाहीत, हे विचारा. पावसाने सामने थांबलेला दिवस बहुतेक वेळा गाळला जातो. त्या दिवशी तुम्ही हजर होता की नव्हता हे वहीत आणि हजेरीत असेल तर मागणीला जोर येतो. संघटनेने स्वतःच्या निधीसाठी परस्पर कपात केली असेल तर त्या कपातीचा ठराव आणि पावती मागा.

क्रीडाशिक्षक असलेल्या पंचांनी एक पथ्य पाळावे: शाळेने कर्तव्यार्थ पाठवून प्रवास भत्ता दिला असेल तर तोच प्रवास खर्च पुन्हा मागू नये. एवढ्या एका चुकीवरून पूर्ण मागणी संशयात येते आणि मुख्याध्यापकांपर्यंत पत्र जाते. स्पर्धेला जाण्याच्या परवानगीचे पत्रही फाइलला लावा.

एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून

भीती सगळ्यांना एकच असते. आज तक्रार केली तर पुढच्या वर्षी यादीत नाव नाही. ही भीती खोटी नाही, मी तिचे परिणाम पाहिले आहेत. म्हणून अर्ज प्रत्येकाचा वेगळा असावा, पण सगळे एकाच दिवशी द्यावेत. बारा पंचांचे बारा अर्ज एकाच आवक शिक्क्याच्या रांगेत पडले की कोणा एकावर डूख धरता येत नाही. पुढे बोलायला ज्येष्ठ पंच असावा, ज्याची पेन्शन सुरू आहे किंवा ज्याला यादीत नाव असण्या-नसण्याने फरक पडत नाही. कॉलेजच्या पोरांना पुढे ढकलू नका.

बहिष्काराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सामना चालू असताना किंवा संघ मैदानावर उभे असताना शिट्टी खाली ठेवू नये. कळवण किंवा इगतपुरीहून पहाटे निघालेल्या मुलींचा आपल्या मानधनाशी काही संबंध नाही. मात्र "जुनी थकबाकी मिळेपर्यंत पुढच्या स्पर्धेसाठी आम्ही उपलब्ध नाही" असे पत्र पंधरा दिवस आधी देणे हा आपला पूर्ण हक्क आहे. त्या पत्राचा परिणाम अनेकदा अर्जापेक्षा जास्त होतो.

उत्तर आले नाही तर: माहितीचा अधिकार

पैसे मिळवून देणे हे माहिती अधिकाराचे काम नाही, पण पैसे कुठे अडकले ते तो दाखवतो. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. "पैसे का दिले नाहीत?" असे विचारू नका. "का"चे उत्तर देण्याची सक्ती नाही. जे कागदावर आहे त्याची प्रत मागा:

* अमुक स्पर्धेसाठी मंजूर झालेल्या खर्चाच्या आदेशाची प्रत;
* पंच मानधनाच्या देयकाची आणि पंचांच्या यादीची प्रत, रकमेसह;
* पंचांच्या सह्या असलेल्या प्रमाणकांच्या प्रती;
* रक्कम यजमान शाळेला किंवा संघटनेला दिली असल्यास त्याची तारीख, रक्कम आणि उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. तुमच्या नावापुढे कोणती रक्कम लिहिली आहे आणि सही तुमचीच आहे का, हे त्यातून दिसते. सही तुमची नसेल तर विषय मानधनाचा राहत नाही, तो बनावट कागदपत्रांचा होतो. तिथून पुढे वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानेही भागले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाचे नाशिकला खंडपीठ आहे, त्यामुळे मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पण तिथे सुनावणीला वेळ लागतो. बाकीचे उपाय त्यासाठी थांबवून ठेवू नका. आणि हा अर्ज कोणताही नागरिक करू शकतो, कारण सांगावे लागत नाही. निवृत्त सहकाऱ्याने केला तरी चालतो.

पैसे देणारी खासगी संघटना असेल तर तिला माहिती अधिकार लागू होईलच असे नाही. पण सोसायटी नोंदणी कायदा, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. नाशिकला सहधर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे अर्ज करून हिशेबाच्या प्रती मिळवा आणि "पंच मानधन" या खर्चाखाली किती रक्कम दाखवली आहे ते पाहा. धर्मादाय आयुक्त तुमची वसुली करून देणार नाहीत, पण दाखवलेला खर्च आणि न मिळालेले मानधन यांतली तफावत समोर ठेवून तक्रार करता येते. बहुतेक पदाधिकारी त्या टप्प्यावर बोलायला बसतात.

जिल्हाधिकारी आणि लोकशाही दिन

जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्षच जिल्हाधिकारी असल्याने त्यांना पत्र देणे म्हणजे कुणाच्या डोक्यावरून जाणे नव्हे. आधीच्या अर्जाची पोच जोडून साधे निवेदन द्या. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज विहित नमुन्यात आणि आधी द्यावा लागतो, थेट त्या सोमवारी जाऊन भागत नाही. सेवाविषयक किंवा आस्थापनाविषयक तक्रारी आणि न्यायप्रविष्ट प्रकरणे तिथे घेतली जात नाहीत. म्हणून अर्जात स्वच्छ लिहा की मी या कार्यालयाचा कर्मचारी नाही, केलेल्या कामाची थकीत रक्कम मागतो आहे. शिक्षक-पंचांचे अर्ज "सेवाविषयक" म्हणून बाजूला पडण्याची शक्यता जास्त, त्यांनी हे वाक्य विसरूच नये.

तीन वर्षांचे घड्याळ

केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी मुदत कायदा, १९६३ प्रमाणे तीन वर्षांची मुदत आहे, आणि देण्याची वेगळी तारीख ठरलेली नसेल तर ती काम झाल्यापासून मोजतात. २० सप्टेंबर २०२४ ला काम संपले असेल तर सप्टेंबर २०२७ च्या पुढे जाऊ नका. पण मुदत संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर कलम १८ प्रमाणे त्या कबुलीच्या तारखेपासून नवीन तीन वर्षे मिळतात. "अनुदान आले की देऊ" हे पत्र म्हणूनच जपायचे. माहिती अधिकाराच्या अपिलांत किंवा निवेदनांत गेलेला वेळ मात्र आपोआप वजा होत नाही.

सरकारी कार्यालयावर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. महापालिकेच्या कायद्यात नोटिशीची स्वतःची तरतूद आहे, त्यामुळे तिथे वकिलाचा सल्ला पहिल्या महिन्यांतच घ्या.

ग्राहक आयोगाकडे जाण्यात अर्थ नाही. तिथे सेवा घेणारा तक्रार करतो, आपण सेवा देणारे आहोत. कामगार कायद्यांची वाटही चार-सहा दिवसांच्या नियुक्तीला क्वचितच लागू पडते, कारण मालक-नोकर नाते सिद्ध होत नाही. संसदेने २०२५ साली केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातील न्यायाधिकरणाची चर्चा हल्ली पंचांच्या गटांत होते, पण ती सोय राष्ट्रीय पातळीवरच्या क्रीडा संस्थांचे तंटे डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. तालुक्याच्या मानधनासाठी तिकडे पाहत बसू नका.

लोकअदालत, आणि शेवटी दावा

दोन-चार हजारांसाठी दावा लावणे कुणालाच परवडत नाही, हे समोरच्यालाही माहीत असते. म्हणून मला दाखलपूर्व लोकअदालतीचा मार्ग सर्वांत योग्य वाटतो. नाशिक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे साध्या अर्जावर दावा लावण्याआधीच दोन्ही पक्षांना बोलावले जाते. तडजोड झाली तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. अधिकाऱ्यांनाही ही वाट सोयीची वाटते, कारण निवाडा फाइलला लागला की रक्कम देण्याचा आधार त्यांच्या हाती येतो. सगळ्या पंचांची प्रकरणे एकाच तारखेला लावून घ्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि उत्पन्नमर्यादेखालील व्यक्तींना त्याच कार्यालयातून मोफत वकीलही मिळतो.

तडजोड झाली नाही तर दिवाणी न्यायालयात दावा. नियुक्तिपत्रात दर लिहिलेला असेल तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालच्या संक्षिप्त दाव्याबद्दल विचारा. त्यात समोरच्याला बचाव करण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते. एकाच स्पर्धेतल्या अनेक पंचांना एकत्र दावा करता येतो का, हेही विचारा. खर्च वाटला जातो.

पैसे आल्यावर

रक्कम जमा झाली की मागणीशी ताडून पाहा. कमी असेल तर परत करू नका. स्वीकारा आणि त्याच आठवड्यात लिहून कळवा की ही रक्कम अंशतः मिळाली, उरलेल्या रकमेचा हक्क राखून ठेवला आहे. "पूर्ण व अंतिम" असे छापलेल्या पावतीवर सही करायची वेळ आली तर ते शब्द खोडून "अंशतः" लिहा आणि खोडल्या जागी छोटी सही करा.

काही कपात झाली असेल तर करखात्याच्या पोर्टलवर आपले २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराच्या नोंदींचे पत्रक) उघडा. २००८ सालच्या अधिसूचनेपासून पंचांचे मानधन व्यावसायिक शुल्कात धरले जाते आणि एका देणाऱ्याकडून वर्षात ठरावीक मर्यादेपुढे रक्कम गेली तरच त्यावर करकपात होते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली. शालेय स्पर्धांचे मानधन एवढे होतच नाही, त्यामुळे "टीडीएस कापला" असे कुणी सांगितले आणि २६एएसमध्ये नोंद नसेल तर ती रक्कम मागून घ्या. उलटेही घडू शकते: पैसे मिळालेच नाहीत, पण तिथे तुमच्या नावावर कपात दिसते. मग कोणीतरी तुमचे मानधन दिल्याचे हिशेबात लिहिले आहे. त्या पानाची प्रिंट अर्जाला जोडा.

आणि ज्या दिवशी रक्कम येईल त्याच दिवशी गटावर तारीख आणि देणाऱ्याचे नाव टाका, म्हणजे सोबतच्यांना आपापली खाती तपासता येतील. कुणाचे आले नसेल तर त्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला पाहिजे, यादी अजून टेबलावर आहे तोवर.